विटांच्या भिंतीआडचे बाराव्या शतकातील गाव: लडलोविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न मला समजला तो असा. बर्मिंगहॅमहून एका शनिवारी आपण श्रॉपशर परगण्यातील लडलो या गावी जाऊन आलात. हे बाराव्या शतकात आखून वसवलेले मध्ययुगीन नगर आहे, असे आपण तेथे वाचलेत. पण ब्रॉड स्ट्रीटवर उभे राहिल्यावर आपल्याला दिसली ती लाल विटांची, पांढऱ्या सरकत्या खिडक्यांची, अठराव्या शतकातील घरे. किल्ला पडका आहे, आणि बाजारात भाजीपाल्याइतकीच जुनी पुस्तके व चीज विकायला असते. तेव्हा या गावाचे खरे वय कोणते, ‘मार्केट टाउन’ हा काही दर्जा आहे की पर्यटकांसाठी लावलेली पाटी, गाव जिवंत आहे की जपून ठेवलेला देखावा, आणि पुन्हा गेल्यास काय पाहावे, असे आपण विचारले आहे.

वेल्सच्या सीमेलगतच्या जुन्या नगरांतील इमारतींची पाहणी करणे आणि त्यांच्या दुरुस्तीबाबत सल्ला देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि लडलो त्या कामात सतत येत राहिले आहे. आपली अडचण मला रास्त वाटते, कारण आपण जे वाचलेत ते खरे आहे आणि आपण जे पाहिलेत तेही खरे आहे. गावाचे वय विचारताना आपण नेमके कशाचे वय विचारतो यावर उत्तर अवलंबून असते. जमिनीच्या आखणीचे वय वेगळे, तिच्यावरील घरांचे वेगळे, त्या घरांच्या दर्शनी भिंतींचे आणखी वेगळे, आणि गाव चालवणाऱ्या संस्थांचे त्याहून निराळे. लडलोचे वैशिष्ट्य हे की ही सगळी वये तेथे आजही एकाच रस्त्यावर शाबूत सापडतात. माझा अनुभव असा की वाचनाची सुरुवात जमिनीपासून करावी आणि भिंतींकडे सर्वांत शेवटी यावे. बहुतेक पाहुणे नेमके उलट करतात.

तर प्रथम जमीन. विजयी विल्यमने इंग्लंडभर करवलेल्या १०८६ च्या डूम्सडे पाहणीत लडलो नावाचे नगर नाही. तेथे आहे ती शेजारची स्टँटन लेसी ही मोठी जहागीर, द लेसी या नॉर्मन सरदार घराण्याची. टीम नदीने दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून वेढलेल्या एका उंच टेकाडावर या घराण्याने अकराव्या शतकाच्या अखेरीस दगडी किल्ला बांधायला घेतला, आणि बाराव्या शतकात किल्ल्याच्या दरवाजापासून पूर्वेकडे, टेकाडाच्या माथ्यावरून, एक रुंद बाजाररस्ता आखला. पुढे त्याला काटकोनात दक्षिणेकडे नदीपर्यंत उतरणारे समांतर रस्ते आले, त्यांतील मिल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट हे मुख्य. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना समोरून अरुंद आणि मागे लांबच लांब गेलेले भूखंड पाडले गेले. भूखंड घेणारा माणूस सरदाराची शेतावरची वेठ करीत नसे. तो वर्षाला ठरलेले रोख भाडे भरी, आणि आपली जागा विकण्याचा, वारशाने देण्याचा हक्क त्याला असे. अशा नगरांत हे भाडे बहुधा वर्षाला १२ पेन्सच्या आसपास असे. सरदाराला भाड्यापेक्षा बाजारातील जकातीत आणि न्यायालयाच्या दंडांत अधिक रस होता. पेशवाईत सवलतीचा कौल देऊन, शेटे-महाजन नेमून पेठ वसवली जाई, तिच्यामागील हिशेब ज्यांना ठाऊक आहे त्यांना द लेसींचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ही आखणी आजही मोजता येते. मध्ययुगीन जमीनमोजणीचे एकक पर्च, म्हणजे साडेसोळा फूट. लडलोच्या नकाशाचा अभ्यास करणाऱ्या भूगोलतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे की अनेक भूखंडांची रुंदी दोन पर्चच्या, म्हणजे ३३ फुटांच्या, आसपास किंवा तिच्या भागांत व पटींत बसते. मी स्वतः एखाद्या घराच्या पाहणीला जातो तेव्हा आधी एकोणिसाव्या शतकातील मोठ्या प्रमाणावरचा सर्वेक्षण-नकाशा उघडतो आणि त्या घराच्या दोन्ही बाजूंच्या हद्दी मागच्या टोकापर्यंत बोटाने चालून पाहतो. घर चार वेळा पाडून बांधलेले असू शकते. हद्द मात्र सहसा हलत नाही, कारण ती हलवायची तर दोन मालकांचे एकमत व्हावे लागते. म्हणून दोन घरांमधली, परसाकडे जाणारी जुनी भिंत मला समोरच्या सुंदर दरवाजापेक्षा अधिक सांगते.

बाजाररस्त्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या डोळ्यांसमोर असूनही बहुधा नजरेतून निसटली असेल. किल्ल्यासमोरचा मोकळा चौक ते पूर्वेची बुल रिंग, जेथे गुरांची खरेदीविक्री होत असे, हे सगळे अंतर मुळात एकसलग रुंद बाजारपेठ होती. आज मध्यभागी किंग स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, हार्प लेन अशा चिंचोळ्या गल्ल्या आणि त्यांच्यामध्ये घरांचे लहान लहान पुंजके दिसतात. हे पुंजके म्हणजे बाजारातील फळ्या आणि पाले. सकाळी मांडून संध्याकाळी उचलायचे दुकान आधी रात्रीही तेथेच राहू लागले, मग त्यावर छप्पर आले, मग माडी आली, आणि काही पिढ्यांत सार्वजनिक बाजाराच्या जागेवर खाजगी घर उभे राहिले. या घरांना परस नाही, कारण ती मुळात भूखंडावर नाहीतच. गावाच्या मध्यभागी परस नसलेली दाटीची घरे दिसली की ती जुन्या बाजारावरील अतिक्रमणे असण्याची शक्यता मी आधी तपासतो, आणि इंग्लंडमधील अनेक बाजारगावांत ती खरी ठरते.

आता दर्जाचा प्रश्न. आजच्या कायद्यात ‘मार्केट टाउन’ ही कोणती पदवी नाही. ते वर्णन आहे. मध्ययुगात मात्र बाजार भरवणे हा राजाकडून मिळणारा किंवा परंपरेने सिद्ध करावा लागणारा हक्क होता, आणि तो शेजाऱ्याविरुद्ध न्यायालयात बजावता येत असे. ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेराव्या शतकातील कायदेविचारात जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार भरवणे हा उपद्रव मानला आहे. त्यामागील तर्क फार माणुसकीचा आहे: माणूस दिवसाला २० मैल चालू शकतो, त्याचे तीन भाग करावेत, एक जाण्यासाठी, एक व्यवहारासाठी, एक उजेडात घरी परतण्यासाठी. अचूक सांगायचे तर ते अंतर सहा मैल आणि दोन तृतीयांश होते. लडलोच्या आसपासचे जुने बाजार, दक्षिणेला लेमस्टर, आग्नेयेला टेनबरी, पूर्वेला क्लीबरी मॉर्टिमर, हे सगळे या अंतराच्या बाहेर आहेत. वायव्येचे क्रेव्हन आर्म्स हे गाव मात्र या हिशेबात धरू नका. ते रेल्वेच्या जंक्शनाभोवती एकोणिसाव्या शतकात वाढले आणि मेंढ्यांच्या बाजारासाठी नावारूपाला आले. एखादे बाजारगाव मध्ययुगीन आहे की रेल्वेच्या काळातले, हे त्याच्या शेजाऱ्यांपासूनच्या अंतरावरूनही बरेचसे ओळखता येते.

लडलोला पहिली श्रीमंती लोकरीने दिली. वेल्सच्या सीमेवरील मेंढ्यांची लोकर, विशेषतः लेमस्टरच्या बाजूची, युरोपात नावाजलेली होती. येथील सर्वांत मोठा व्यापारी लॉरेन्स ऑफ लडलो. त्याने उत्तरेला काही मैलांवर स्टोकसे येथे आपले निवासस्थान उभारले आणि १२९१ मध्ये त्याला तटबंदी करण्याची राजाज्ञा मिळवली. आज आपण त्याला स्टोकसे कॅसल म्हणतो, पण तो कोण्या सरदाराचा किल्ला नव्हे, लोकरीच्या व्यापाऱ्याचा वाडा आहे. राजासाठी लोकर घेऊन निघालेल्या ताफ्यातील जहाज १२९४ मध्ये बुडाले आणि त्यात लॉरेन्सचा अंत झाला. पुढे नुसती लोकर विकण्याऐवजी गावातच कापड विणले जाऊ लागले. टीम नदीवरचे जे बंधारे आपण पाहिलेत, ते धान्य दळणाऱ्या चक्क्यांना आणि कापड कुटून घट्ट करणाऱ्या गिरण्यांना पाणी पुरवत असत.

हा पैसा कोठे गेला, हे पाहायचे असेल तर सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये जावे. सुमारे ४८ मीटर उंचीचा मनोरा असलेले हे चर्च दहा हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाला अजिबात शोभणारे नाही, इतके ते मोठे आहे, आणि त्याचे कारण पामर्स गिल्ड नावाचा धार्मिक संघ. तेराव्या शतकात स्थापन झालेल्या आणि १२८४ मध्ये राजाची मान्यता मिळालेल्या या संघात सभासद वर्गणी भरत, मृत्यूनंतर आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून घरे आणि जमिनी दान करीत. सभासद केवळ गावातले नव्हते. दूरदूरच्या शहरांतील व्यापारीही होते. शतकानुशतके हे दान साठत गेले आणि हा संघ गावातील सर्वांत मोठा घरमालक झाला. चर्चच्या सेंट जॉन उपमंदिरात पंधराव्या शतकातील रंगीत काचांची खिडकी आहे. तीत लडलोचे यात्रेकरू अकराव्या शतकातील संत-राजा एडवर्डकडे जाताना दाखवले आहेत. आपल्या गावाचा उगम पुण्यवान ठरावा, ही त्या व्यापाऱ्यांची आस तीत स्पष्ट दिसते.

येथे मी थोडा अधिक थांबतो, कारण लडलोचे चारित्र्य ज्या एका व्यवहारामुळे टिकले असे मला वाटते तो व्यवहार याच संघाशी निगडित आहे. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत असे सर्व संघ बरखास्त झाले आणि त्यांची मालमत्ता बहुतेक ठिकाणी राजदरबाराच्या मर्जीतील लोकांनी विकत घेऊन वाटून टाकली. लडलोत तसे झाले नाही. संघ १५५१ मध्ये विसर्जित झाला आणि १५५२ मध्ये सहाव्या एडवर्डच्या सनदेने त्याची मालमत्ता नगराच्या महामंडळाकडे आली. बदल्यात शाळा चालवण्याची आणि गरिबांच्या धर्मशाळा सांभाळण्याची जबाबदारी नगराने घेतली. चर्चजवळची होझियर्स धर्मशाळा पंधराव्या शतकात एका व्यापाऱ्याने स्थापली होती. तिची आजची इमारत १७५८ ची. मिल स्ट्रीटवरचे गिल्डहॉल तर या सगळ्या उत्तराचा एकत्र नमुना आहे: समोरची नक्षीदार टोकेरी कमानींची भिंत टॉमस फार्नॉल्स प्रिचर्ड या वास्तुकाराने १७६८ मध्ये रचली, आणि तिच्या मागे पंधराव्या शतकाच्या आरंभीचे संघाचे लाकडी छत अजून उभे आहे. सेव्हर्न नदीवरील जगप्रसिद्ध लोखंडी पुलाचा पहिला आराखडा करणारा प्रिचर्ड तो हाच.

दुसरी श्रीमंती राजकारणाने दिली. किल्ला लेसींकडून वारशाने मॉर्टिमर घराण्याकडे आणि त्यांच्याकडून यॉर्कच्या ड्यूककडे आला. यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्यांत गादीसाठी झालेल्या गुलाबांच्या युद्धात ऑक्टोबर १४५९ मध्ये लडफर्ड पुलापाशी यॉर्कच्या सैन्यातील एक तुकडी शत्रूला जाऊन मिळाली, ड्यूक रातोरात निसटला आणि विजयी लँकेस्टर पक्षाने गाव लुटले. दोनच वर्षांत यॉर्कचा मुलगा चौथा एडवर्ड राजा झाला आणि त्याने १४६१ मध्ये गावाला स्वशासनाची सनद दिली. निष्ठेची ही परतफेड होती. त्याचा मुलगा राजपुत्र एडवर्ड १४७३ पासून येथे वाढला आणि वडील वारल्यावर एप्रिल १४८३ मध्ये येथूनच लंडनला निघाला. टॉवरमध्ये नाहीसे झालेल्या दोन राजपुत्रांपैकी थोरला तो. सातव्या हेन्रीचा वारस आर्थर १५०२ मध्ये याच किल्ल्यात वारला, आणि त्याची विधवा कॅथरिन पुढे धाकट्या भावाशी, आठव्या हेन्रीशी, विवाहबद्ध झाली. इंग्लंडच्या धर्माचा इतिहास ज्या विवाहाच्या वादातून वळला, त्याची सुरुवात या टेकाडावर आहे.

गावाच्या दृष्टीने मात्र राजपुत्रांपेक्षा महत्त्वाची होती ती वेल्स आणि सीमाप्रदेशाची परिषद. तिचे मुख्य ठाणे लडलोचा किल्ला. संपूर्ण वेल्स आणि लगतच्या परगण्यांतील खटले येथे चालत, म्हणजे वकील, कारकून, पक्षकार, साक्षीदार येथे येत, राहत, जेवत, कागद लिहून घेत. कापडाचा धंदा सोळाव्या शतकाच्या अखेरीस उतरला तरी गाव उतरले नाही, ते या न्यायालयामुळे. बुल रिंगजवळचे फेदर्स, लाकडी नक्षीचा ज्याचा दर्शनी भाग प्रत्येक कॅलेंडरवर असतो, ते रीस जोन्स नावाच्या वकिलाने १६१९ मध्ये तसे सजवले. खानावळ ते १६७० मध्ये झाले. परिषद १६८९ मध्ये बंद झाली. किल्ल्याच्या छतावरचे शिसे उतरवले गेले, तुळया कुजल्या आणि आज आपण पाहता ती पडझड सुरू झाली. किल्ला तोफांनी उद्ध्वस्त केला असावा असे पाहुण्यांना वाटते. तो यादवी युद्धातून १६४६ मध्ये शरणागती देऊन बराचसा वाचला होता. त्याला खरे मारले ते न्यायालय बंद पडण्याने.

आता आपल्या विटांच्या घरांकडे येऊ. परिषद गेली तरी आसपासच्या जमीनदारांना हिवाळ्यात राहायला, नृत्यसभांना आणि घोड्यांच्या शर्यतींना जमायला एक गाव हवे होते, आणि लडलोने ती जागा घेतली. लाकडी सांगाड्याची, कुडाच्या भिंतींची घरे तोवर जुनाट वाटू लागली होती. पूर्ण घर पाडणे खर्चाचे, म्हणून अनेक मालकांनी केवळ समोर विटांची नवी भिंत उभारली, नव्या प्रमाणबद्ध खिडक्या बसवल्या, आणि आतील ओकचा सांगाडा तसाच ठेवला. ब्रॉड स्ट्रीटवर कोणते घर असे आहे आणि कोणते खरोखर अठराव्या शतकात पायापासून बांधलेले, हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. आत जाऊन, तळघरात उतरून, माळ्यावर चढून पाहावे लागते. पण काही खुणा रस्त्यावरूनही दिसतात. छताचा उतार समोरच्या नाजूक भिंतीच्या मानाने फार तीव्र असेल, वरच्या मजल्याच्या खिडक्या तक्तपोशीला अगदी भिडलेल्या असतील, धुराडे कडेला नसून घराच्या मध्यातून वर आलेले असेल, तर आत जुने घर असण्याचा संशय घ्यावा. सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे बाजूचा बोळ. समोर विटांवर खर्च करणाऱ्या मालकाने बोळातील भिंतीवर क्वचितच खर्च केला. तेथे काळे पडलेले ओकचे खांब आणि त्यांच्या कुसू-खाचेचे सांधे उघडे दिसतात. आत प्रवेश मिळालाच तर तुळयांच्या लाकडातील वर्षवलयांवरून झाड कोणत्या हंगामात तोडले हेही कधी कधी ठरवता येते, मात्र त्यासाठी सालीलगतचा भाग शिल्लक असावा लागतो आणि वलयांची संख्या पुरेशी लागते; प्रत्येक घरात हे जमत नाही.

दुरुस्तीच्या कामात हा फरक केवळ अभ्यासाचा राहत नाही. विटांची पडदाभिंत आणि मागचा ओकचा सांगाडा ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या गतीने हलतात. हे न ओळखता कोणी सिमेंटचा गिलावा केला, तर पाणी आत अडकते आणि पायथ्याची आडवी तुळई कुजते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, म्हणून तोच वापरावा असा माझा आग्रह असतो. घराचे खरे वय न कळल्याने झालेले असे नुकसान मी अनेक ठिकाणी पाहिले आहे, आणि तेव्हा फार हळहळ वाटते, कारण पाचशे वर्षे टिकलेले लाकूड तीस वर्षांत जाते.

ब्रॉड स्ट्रीटच्या खालच्या टोकाला ब्रॉड गेट आहे. नगराला तटासाठी कर वसूल करण्याची परवानगी १२३३ मध्ये मिळाली, आणि सात दरवाजांपैकी ठळकपणे उभा राहिलेला हा एक. खाली तेराव्या शतकातील दोन गोल बुरूज, आणि त्यांच्यावर चक्क अठराव्या शतकातील राहते घर. येथे पाच मिनिटे उभे राहिलात तर मी वर लिहिलेले सर्व एका दृष्टिक्षेपात समजेल.

भारतीय वाचकाने लक्षात घ्यावी अशी एक बाब या किल्ल्याच्या मालकीत आहे. रॉबर्ट क्लाइव्ह श्रॉपशरचाच. त्याचा जन्म १७२५ मध्ये मार्केट ड्रेटन या दुसऱ्या बाजारगावाजवळ झाला. बंगालमधून आणलेल्या संपत्तीतून त्याने ज्या जमिनी घेतल्या, त्यांत लडलोच्या लगतची ओकली पार्क ही मालमत्ता होती. त्याचा मुलगा एडवर्ड क्लाइव्ह १७७४ ते १७९४ या काळात लडलोचा संसदसदस्य होता आणि १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर. त्याच्या कारकिर्दीत १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, आणि १८०३ च्या वसंतात दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर पुन्हा बसवायला आर्थर वेलस्लीची जी फौज आली, ती मुख्यतः मद्रासच्या सैन्यातली. परत गेल्यावर एडवर्डला अर्ल ऑफ पोविस ही पदवी मिळाली आणि १८११ मध्ये त्याने लडलोचा किल्ला राजसत्तेकडून विकत घेतला. किल्ला आजही पोविस इस्टेटच्या विश्वस्तांकडे आहे. टिपूच्या वस्तू ज्या संग्रहात आहेत तो पोविस कॅसल सीमेपलीकडे, वेल्समध्ये आहे. लडलोच्या किल्ल्यात त्या शोधू नका. पण या शांत गावाचा संसदेतील प्रतिनिधी, त्याच्या शेजारची उद्याने आणि त्याचा किल्ला यांना कंपनीच्या राज्याचा पैसा लागलेला आहे, हे तेथील वर्णनात क्वचितच ठळक सांगितले जाते, आणि ते सांगितले गेले पाहिजे असे मला वाटते.

मग एवढे सगळे शिल्लक कसे राहिले? येथवरचा क्रम थोडक्यात पाहा: लोकर, कापड, न्यायालय, जमीनदारांचा हंगाम. प्रत्येक धंद्याने आपला थर चढवला आणि आधीचा थर पूर्ण खरवडून काढण्याइतका पैसा साठण्यापूर्वी तो धंदा ओसरला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हातमोजे शिवण्याच्या उद्योगाने शेकडो बायका-पुरुषांना काम दिले. १८२६ मध्ये परदेशी हातमोज्यांवरील आयातबंदी उठली आणि तोही खचला. रेल्वे १८५२ मध्ये आली, पण गावाजवळ मोठ्या कारखान्यांना पुरेल असे काही नव्हते. क्ली टेकडीवरचा कोळसा थोडा, आणि तेथील कठीण काळा दगड रस्त्यांसाठी दुसरीकडे जाई. नवी वस्ती स्टेशनच्या बाजूला, टेकाडाबाहेर झाली. जुन्या गावाला त्या शतकाने जवळजवळ सोडून दिले. जपणुकीचे धोरण फार नंतरचे. त्याआधी लडलोला वाचवले ते मुख्यतः तेथील मर्यादित मिळकतीने, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे राहणाऱ्यांना तेव्हा ती परिस्थिती सुखाची नव्हती, हेही विसरू नये.

गाव जिवंत आहे का, याचे उत्तर आपण कोणत्या वारी जाता यावर बरेच अवलंबून आहे. किल्ल्यासमोरच्या चौकात १८८० च्या दशकात एक भलामोठा विटांचा टाउन हॉल बांधला होता, खाली बाजार आणि वर सभागृह. तो १९८६ मध्ये पाडला गेला. त्यावेळी बराच वाद झाला, पण परिणाम असा की बाजार पुन्हा उघड्या आकाशाखाली, बाराव्या शतकातील मूळ जागेवर आला. तो नगर परिषद चालवते, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवारी तो नेमाने भरतो. शनिवारी आपल्यासारखे पाहुणे जास्त, म्हणून पुस्तके आणि चीज नजरेत भरले. सोमवारी जा, भाजी, पडद्यांचे कापड, घड्याळाचे पट्टे, रोपे विकत घेणारे आसपासच्या खेड्यांतील लोक भेटतील. मे महिन्याच्या आरंभी याच चौकात जत्रा भरते, पाळणे येतात आणि रहदारी अडते.

खाद्यपदार्थांची कीर्ती मात्र अलीकडची. अन्नमहोत्सव १९९५ मध्ये सुरू झाला, आणि २००० च्या आसपास एवढ्याशा गावात मिशेलिन तारांकित उपाहारगृहे एकापेक्षा अधिक होती. ती एकेक करून बंद झाली किंवा लंडनला गेली. त्या बातम्यांनी गाव संपल्याची हाकाटी झाली, ती चुकीची होती. खाटीक, बेकरीवाले आणि आसपासचे शेतकरी यांच्यावर जे उभे होते ते टिकले. खरी चिंता वेगळी आहे. निवृत्त झालेले सधन लोक येथे घरे घेतात, त्यामुळे दुरुस्त्या उत्तम होतात, पण बाजारात दुकान लावणाऱ्याच्या मुलाला गावात घर परवडत नाही. परगण्यातील जिल्हा परिषदा २००९ मध्ये एकत्र झाल्यापासून मोठे निर्णय परगण्याच्या मुख्य गावी, श्रूझबरीत, होतात. चारशे वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या सनदेवर चाललेल्या नगराला हे बोचते, आणि तेथील सभांमध्ये ते ऐकू येते.

पुन्हा जाल तेव्हा बर्मिंगहॅमहून गाडी श्रूझबरी किंवा हेरफर्डला बदलावी लागेल, त्यामुळे सकाळी लवकर निघा. स्टेशनवरून कॉर्व्ह स्ट्रीटकडे येताना सुपरमार्केटचे वळणदार छप्पर दिसेल. मागच्या टेकड्यांच्या रेषेला धरून ते आखले आहे, आणि जुन्या गावाच्या वेशीवर नवे बांधकाम कसे करावे याचा तो चांगला नमुना आहे. मग थेट किल्ल्यात जाऊ नका. आधी डिनहॅमचा पूल ओलांडून पलीकडच्या व्हिटक्लिफच्या उंचवट्यावर चढा. तेथून किल्ला, चर्चचा मनोरा आणि उतारावरून नदीकडे येणारे भूखंड एकत्र दिसतात, आणि आखणी नकाशाशिवाय समजते. परत येऊन चर्चचा मनोरा चढता आला तर चढा. वरून परस दिसतात, रस्त्यावरून कधीच न दिसणारे. त्यानंतर ब्रॉड स्ट्रीटवरून खाली उतरताना दोन्ही बाजूंचे बोळ उघडे असतील तेवढे डोकावून पाहा. बहुतेक बोळ रहदारीचे आहेत, पण परसातील अंगणे खाजगी असतात, तेथे विचारल्याशिवाय जाऊ नये. किल्ला शेवटी ठेवा, आणि त्यात वेळ कमी असेल तर आतल्या आवारातील बाराव्या शतकातील गोल उपमंदिर तेवढे चुकवू नका. गोलाकार मध्यभागाची अशी नॉर्मन प्रार्थनागृहे इंग्लंडमध्ये मोजकीच उरली आहेत.